'लाइक' : एका सादृश्यवाचक इंग्रजी शब्दाचा अर्थविचार

१

इंग्रजी काव्याचे अध्ययन करू लागलेल्या विद्यार्थ्यास उपमेची ओळख बहुधा एका बाह्य खुणेवरून करून दिली जाते. वाक्यात 'लाइक' किंवा 'ॲज' हा शब्द असला म्हणजे 'सिमिली', आणि तो नसता दोन वस्तूंचे ऐक्य सांगितले असले म्हणजे 'मेटाफर', अशी ती खूण होय. हीच खूण मराठीच्या अध्यापनातही रूढ झाली आहे. 'सारखा', 'जसा', 'प्रमाणे', 'समान' ह्यांपैकी एखादा शब्द दाखवता आला की उपमा सिद्ध झाली, अशी समजूत पदव्युत्तर वर्गातील उत्तरपत्रिकांतूनही आढळते. ह्या समजुतीच्या मुळाशी एक गृहीत आहे. सादृश्यवाचक शब्द हे केवळ एक चिन्ह आहे, गणितातील बरोबरीच्या चिन्हासारखे निर्विकार आणि सर्व भाषांत सारखेच, असे ते गृहीत होय.

ते कितपत टिकते हे पाहण्यासाठी 'लाइक' ह्या शब्दाच्याच इतिहासाची तपासणी करणे उपयुक्त ठरेल. इंग्रजीतील सादृश्यवाचक शब्दांत तो सर्वांत अधिक वापरला जाणारा शब्द असून विशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, क्रियापद, नाम आणि प्रत्यय अशा निरनिराळ्या रूपांनी तो भाषेत वावरतो. त्याची काही रूपे तर इतकी झिजली आहेत की त्यांत तो आहे हे इंग्रजी भाषकासही सांगावे लागते.

२

आधुनिक 'लाइक' ह्या विशेषणाचे प्राचीन इंग्रजी रूप 'गेलीक' असे आहे. त्यातील 'गे' हा 'सह' अशा अर्थाचा उपसर्ग असून 'लीक' म्हणजे देह, आकृती. तेव्हा 'गेलीक' म्हणजे ज्याचा देह दुसऱ्याच्या देहाशी मिळता आहे तो. गॉथिकमधील 'गलैक्स', जर्मनमधील 'ग्लाइख' आणि डचमधील 'गेलैक' हे त्याचेच सजातीय शब्द होत. संस्कृतात 'सरूप' हा शब्द ज्या रीतीने सिद्ध होतो त्याच रीतीने हा शब्द बनला आहे.

मूळ 'लीक' हा शब्द प्राचीन इंग्रजीत जिवंत देह व प्रेत ह्या दोहोंसही लावला जाई. 'ब्यूवुल्फ' ह्या काव्यात तो जिवंत शरीराच्या अर्थाने येतो. देहाला 'लीक-हामा', म्हणजे देहरूपी आच्छादन, असेही म्हणत. देहाला वस्त्र मानण्याची कल्पना भारतीय वाचकास अपरिचित नाही. पुढे ह्या शब्दाचा अर्थ संकुचित होत गेला. जर्मनमध्ये 'लाइखे' म्हणजे प्रेत, डचमध्ये 'लैक' म्हणजे प्रेत. आणि डॅनिशमध्ये तर 'लीग' ह्या एकाच रूपाने 'प्रेत' आणि 'सारखा' असे दोन्ही अर्थ आजही व्यक्त होतात. इंग्रजीत स्वतंत्र नाम म्हणून हा शब्द लुप्त झाला. मात्र चर्चच्या आवाराच्या प्रवेशद्वारावर छप्पर घालून जेथे शवपेटिका क्षणभर टेकवीत, त्या 'लिच-गेट' ह्या शब्दात तो शिल्लक राहिला.

व्युत्पत्तीचा मोह विद्वानालाही कसा फसवतो ह्याचे एक बोधप्रद उदाहरण ह्याच ठिकाणी सापडते. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या कोशात 'लिच' ह्या शब्दाखाली लिचफील्ड ह्या गावाचे नाव घातले, त्याचा अर्थ 'मृतांचे मैदान' असा दिला, आणि तेथे ख्रिस्ती हुतात्म्यांचा वध झाल्याची आख्यायिका नोंदवली. लिचफील्ड हे जॉन्सनचे जन्मगाव. त्यामुळे कोशातील त्या नोंदीतच त्याने आपल्या गावास लॅटिन भाषेत वंदनही केले आहे. वस्तुतः ह्या गावाच्या नावाचा प्रेताशी काही संबंध नाही. रोमन काळातील 'लेटोकेटम' ह्या नावात ब्रिटनच्या केल्टिक भाषेतील 'करडे अरण्य' अशा अर्थाचे शब्द आहेत व गावाच्या नावाचा पूर्वार्ध त्यांतून आला आहे. दोन शब्दांचे ध्वनी जुळले, त्यांस एक हृद्य कथा मिळाली, आणि व्युत्पत्ती तयार झाली. सादृश्य हा पुरावा नव्हे, हा धडा सादृश्यवाचक शब्दाच्याच इतिहासातून मिळावा हे लक्षणीय आहे.

३

'लीक' ह्या शब्दाचा खरा विस्तार पाहावयाचा तर तो जेथे ओळखू येत नाही तेथे पाहिला पाहिजे. इंग्रजी विशेषणांच्या व क्रियाविशेषणांच्या अंती येणारा 'ली' हा प्रत्यय म्हणजे हाच 'लीक' होय. 'फ्रेंडली' म्हणजे मूळ अर्थाने 'ज्याचा आकार मित्राचा आहे असा'. 'सच' हा शब्द 'स्वा' म्हणजे 'असे' आणि 'लीक' ह्यांच्या संयोगाने झाला. 'विच' हा प्रश्नार्थक सर्वनामाच्या अंगास 'लीक' जोडून झाला. 'ईच' ह्यात 'सदा' ह्या अर्थाचा शब्द व 'गेलीक' असे दोन घटक आहेत. तात्पर्य, ज्या शब्दांवाचून इंग्रजीतील एक परिच्छेदही लिहिता येणार नाही त्यांत हा देहवाचक शब्द अज्ञातवासात आहे.

मूळ शब्द प्रत्ययात विरून गेल्यावर भाषेने तोच शब्द पुन्हा नव्याने प्रत्यय म्हणून वापरला. त्यामुळे 'गॉडली' आणि 'गॉडलाइक', 'जंटलमनली' आणि 'जंटलमनलाइक' अशा जोड्या निर्माण झाल्या. दोहोंचे घटक एकच, परंतु अर्थ एक नाही. 'गॉडली' म्हणजे धर्मनिष्ठ मनुष्य. 'गॉडलाइक' म्हणजे देवासारखा दिसणारा किंवा वागणारा. पहिल्यातील उपमा मरून गेली आहे, दुसऱ्यातील जिवंत आहे.

'इल्क' ह्या शब्दाची कथा ह्याहून मनोरंजक आहे. प्राचीन इंग्रजीत 'इल्का' म्हणजे 'तोच'. स्कॉटलंडमध्ये जमीनदाराचे आडनाव व त्याच्या जहागिरीचे नाव एकच असल्यास द्विरुक्ती टाळण्यासाठी 'ऑफ दॅट इल्क', म्हणजे 'त्याच नावाच्या ठिकाणचा', असे म्हणत. 'मॉन्क्रीफ ऑफ दॅट इल्क' म्हणजे मॉन्क्रीफ गावचा मॉन्क्रीफ. हा प्रयोग न समजलेल्या वाचकांनी 'इल्क' म्हणजे कूळ, जात, वर्ग असा अर्थ घेतला, आणि आज इंग्रजीत 'त्या इल्कचे लोक' म्हणजे 'तसल्या प्रकारचे लोक', बहुधा तुच्छतेने, असा अर्थ स्थिर झाला आहे. अभेद सांगणारा शब्द अशा रीतीने सादृश्य सांगू लागला. चुकीतून जन्मलेला असला तरी हा अर्थ आता अशुद्ध म्हणता येत नाही. कारण शब्दाचा अर्थ त्याच्या कुळावरून नव्हे, तर व्यवहारावरून ठरतो.

४

ह्या ठिकाणी मराठीकडे वळणे अप्रस्तुत होणार नाही. कारण मराठीतही अगदी ह्याच स्वरूपाचा व्यापार घडलेला आहे. 'सारखा' हा शब्द संस्कृत 'सदृक्ष' ह्यापासून, प्राकृतातील 'सरिक्ख' ह्या पायरीने आला. 'सदृक्ष' व 'सदृश' ह्यांत 'स' आणि 'दृश्' म्हणजे पाहणे असे दोन घटक आहेत. 'गेलीक' मध्ये सहभाव आणि देह, तर 'सदृश' मध्ये सहभाव आणि दर्शन; रचना एकच, फरक दुसऱ्या घटकात आहे.

साम्य इतक्यावरच थांबत नाही. संस्कृतातील 'यादृश', 'तादृश', 'कीदृश' आणि 'ईदृश' ह्या शब्दांच्या जागी हेमचंद्राने आपल्या व्याकरणात अपभ्रंशाची 'जइस', 'तइस', 'कइस', 'अइस' अशी रूपे सांगितली आहेत. ज्ञानेश्वरीच्या काळातील 'जैसा', 'तैसा', 'कैसा', 'ऐसा' आणि आजचे 'जसा', 'तसा', 'कसा', 'असा' ही त्यांचीच पुढील रूपे होत. इंग्रजीतील 'सच' आणि 'विच' ह्यांत जसा देह लपला आहे, तसा मराठीतील 'तसा' आणि 'कसा' ह्यांत डोळा लपला आहे. एकमेकांशी संपर्क नसताना दोन भाषांनी सादृश्याच्या नामापासून सर्वनामे बनवली आणि दोघींनी ती घडण विसरून टाकली.

ह्या तुलनेतून एक आकर्षक सिद्धांत मांडण्याचा मोह होतो. इंग्रजांना साम्य देहात दिसते, भारतीयांना ते दृष्टीत दिसते. तेथे वस्तुनिष्ठा, येथे द्रष्ट्याचे प्राधान्य, असे म्हणणे सोपे आहे. भाषा म्हणजे अश्मीभूत काव्य होय, हा एमर्सनने १८४४ मधील आपल्या निबंधात मांडलेला विचार अशा सिद्धांतांस आधार म्हणून पुढे केला जातो. परंतु हा सिद्धांत पुराव्यापुढे टिकत नाही. संस्कृतात 'सरूप', 'अनुरूप', 'प्रतिरूप' हे शब्द आहेतच, आणि त्यांत आकृतीच आहे. 'तुल्य' ह्यात तराजू आहे. 'उपमा', 'प्रतिमा' ह्यांत 'मा' म्हणजे मोजणे हा धातू आहे. 'सम' ह्या शब्दाचा सजातीय असा 'सेम' हा शब्द इंग्रजीतही आहे, आणि ज्या लॅटिन 'सिमिलिस' वरून 'सिमिली' ही संज्ञा आली त्याचे मूळही 'एक' ह्या अर्थाच्या त्याच प्राचीन धातूपर्यंत जाते. उपमेला ॲरिस्टॉटलने वापरलेला ग्रीक शब्द 'एकोन' हा तर प्रतिमावाचक आहे. म्हणजे देह, दृष्टी, तराजू, माप, एकत्व आणि प्रतिमा अशी अनेक रूपके सादृश्याच्या कल्पनेसाठी निरनिराळ्या भाषांनी, आणि एकेका भाषेनेही, वापरली आहेत. त्यांवरून लोकस्वभाव ठरवणे हे लिचफील्डच्या व्युत्पत्तीइतकेच धोक्याचे आहे.

व्युत्पत्तीने जे निश्चितपणे कळते ते एवढेच, की सादृश्यवाचक शब्द मुळात रिकामे चिन्ह नव्हते. त्यांचे रिकामेपण हा इतिहासाचा परिणाम आहे. आणि शब्द रिकामा झाला म्हणजे तो स्थिर राहत नाही, नव्या दिशांनी वाहू लागतो. मराठीतील 'सारखा' सादृश्यावरून बरोबरीकडे गेला, बरोबरीवरून सपाटपणाकडे व व्यवस्थितपणाकडे गेला, आणि तेथून अखंडपणाकडे गेला. 'दोघे सारखे', 'अंथरूण सारखे करणे', 'पोर सारखे रडते' ह्या तीन प्रयोगांत एकच शब्द आहे, पण तिसऱ्यात सादृश्याचा मागमूस नाही. जर्मन 'ग्लाइख' बरोबरीवरून 'लगेच' ह्या अर्थाकडे गेला; डच 'गेलैक' जवळ असणे म्हणजे म्हणणे बरोबर असणे.

५

इंग्रजी 'लाइक' ज्या दिशेने गेला ती सर्वांत अनपेक्षित म्हणावी लागेल. प्राचीन इंग्रजीत 'लीकियन' असे क्रियापद होते. त्याचा अर्थ 'आवडणे' असा नसून 'रुचणे, मानवणे' असा होता. जे आकृतीने जुळते ते योग्य वाटते, आणि जे योग्य वाटते ते रुचते, अशी ही अर्थाची परंपरा दिसते. 'अनुरूप' ह्या संस्कृत शब्दात आकृतीवरून योग्यतेकडे जाणारा पहिला टप्पा जसाच्या तसा आढळतो.

ह्या क्रियापदाची रचना मराठी वाचकास मुळीच परकी वाटणार नाही. रुचणारी वस्तू कर्ता, आणि ज्यास ती रुचते तो चतुर्थीत, असा तो प्रयोग होता. 'राजास फळे रुचली' हे मराठी वाक्य त्याचे शब्दशः प्रतिबिंब ठरेल. पुढे इंग्रजीतील विभक्तिप्रत्यय झिजले. आरंभी आलेले 'राजा' हे नाम चतुर्थीत आहे हे रूपावरून कळेनासे झाले, ते कर्ता म्हणून समजले जाऊ लागले, आणि 'राजा फळे लाइक करतो' अशा धर्तीची आजची रचना सिद्ध झाली, असे स्पष्टीकरण ऑटो जेस्पर्सनने दिले व ते दीर्घकाळ पाठ्यपुस्तकांतून प्रमाण मानले गेले. १९८६ मध्ये सिंथिया ॲलन यांनी ह्या क्रियापदाच्या इतिहासाचा पुनर्विचार करून हे स्पष्टीकरण अपुरे असल्याचे दाखवले. जुनी व नवी रचना दीर्घकाळ एकत्र नांदत होत्या. केवळ संदिग्ध वाक्यांच्या गैरसमजातून हा बदल एकाएकी झाला असे म्हणता येत नाही. शेक्सपिअरमध्ये हा सहवास स्पष्ट दिसतो. 'किंग लिअर' मधील केंट एका मनुष्याचा चेहरा आपणास रुचत नाही हे सांगताना जुनीच रचना वापरतो. आणि 'ॲज यू लाइक इट' ह्या नाटकाच्या नावात नवी रचना आहे.

मराठीने मात्र 'मला आंबा आवडतो' ही रचना सोडली नाही. येथे क्रियापद आंब्याशी जुळते. आवडणे ही आपण करावयाची कृती नसून आपणास येणारा अनुभव आहे. ह्या पार्श्वभूमीवर अलीकडचे एक मराठी उसनवारीचे रूप विचारात घेण्यासारखे आहे. फेसबुक ह्या माध्यमाने २००९ मध्ये 'लाइक' ची कळ प्रचारात आणली, आणि थोड्याच काळात मराठीत 'लाइक करणे' हे संयुक्त क्रियापद व 'लाइक्स' हे नाम रूढ झाले. मराठी भाषक 'मला छायाचित्र आवडले' आणि 'मी छायाचित्र लाइक केले' ही दोन वाक्ये निरनिराळ्या अर्थांनी वापरतो. पहिल्यात अनुभव आहे व अनुभव घेणारा चतुर्थीत आहे. दुसऱ्यात कृती आहे व ती करणारा कर्ता आहे. न आवडताही लाइक करता येते, हे मराठीत विसंगतीवाचून सांगता येते. इंग्रजीत तेच सांगताना एकाच शब्दाच्या दोन अर्थांत गुंतावे लागते. इंग्रजीने शतकांपूर्वी अनुभवाचे कृतीत रूपांतर केले. मराठीने अनुभव आपल्या शब्दात ठेवला आणि कृती परक्या शब्दाकडे सोपवली.

६

आता 'लाइक' च्या शब्दयोगी व उभयान्वयी प्रयोगाकडे वळावयाचे; कारण उपमेच्या प्रश्नाशी त्याचा प्रत्यक्ष संबंध आहे. मुळात 'गेलीक' हे चतुर्थीची अपेक्षा करणारे विशेषण होते. विभक्ती गेल्यावर त्याच्या पुढचे नाम नुसतेच उरले, आणि विशेषण शब्दयोगी अव्ययासारखे भासू लागले. वाक्यांशापूर्वी जुन्या गद्यात 'लाइक ॲज' अशी जोडी येत असे. १६११ च्या बायबलातील १०३ व्या स्तोत्रात पित्याच्या करुणेची उपमा ह्याच जोडीने दिली आहे. पुढे तीतील 'ॲज' गळू लागला व 'लाइक' एकटाच वाक्यांश जोडू लागला. व्याकरणकारांनी ह्यास कसून विरोध केला. नामापूर्वी 'लाइक' आणि क्रियापदयुक्त वाक्यांशापूर्वी 'ॲज', असा त्यांचा दंडक. १९५४ पासून गाजलेल्या विन्स्टन सिगारेटच्या जाहिरातीने हा दंडक मोडला तेव्हा अमेरिकेत मोठा वाद झाला. १९६१ मध्ये वेब्स्टरच्या तिसऱ्या बृहत्कोशाने अशा प्रयोगांना दिलेल्या मुभेमुळे तो पुन्हा पेटला.

नामाशी जोडलेले सादृश्य आणि क्रियेशी जोडलेले सादृश्य ह्यांत भेद मानावा की नाही, हा प्रश्न केवळ इंग्रजी व्याकरणाचा नाही. दंडीने 'काव्यादर्शा'च्या दुसऱ्या परिच्छेदात तो साहित्यशास्त्राच्या पातळीवर चर्चिला आहे. 'मृच्छकटिका'तही आढळणाऱ्या, अंधार अंगास लिंपतो आहे अशा कल्पनेच्या एका प्रसिद्ध श्लोकात 'इव' हा शब्द क्रियापदास जोडलेला आहे. 'इव' आहे म्हणून तेथे उपमा मानणाऱ्यांस दंडीचे उत्तर असे, की क्रियापद हे उपमान होऊ शकत नाही. लिंपणे हे कशाचे उपमान, आणि त्याचे अंधाराशी साधर्म्य कोणते, हे सांगता येत नाही. म्हणून तेथे उत्प्रेक्षा आहे. शब्द तोच, स्थान बदलले, आणि अलंकार बदलला. इंग्रजी व्याकरणकारांनी जेथे शुद्धाशुद्धतेचा वाद घातला, तेथे दंडीने अर्थाचा वाद घातला. दुसरा वाद अधिक फलदायी आहे, हे मान्य करावे लागते.

ह्याच परिच्छेदात दंडीने सादृश्यवाचक शब्दांची जी दीर्घ यादी दिली आहे ती सूक्ष्मपणे वाचण्यासारखी आहे. तीत 'इव', 'यथा', 'तुल्य', 'समान' इत्यादी अपेक्षित शब्द आहेत. परंतु स्पर्धा करतो, जिंकतो, द्वेष करतो अशा अर्थांच्या क्रियापदांनाही त्याने सादृश्यसूचक मानले आहे. मुख चंद्राचा द्वेष करते असे म्हटले तरी सादृश्य सूचित होतेच. मराठीतील 'लाजवणारा', 'तोडीचा', 'हेवा करावा असा' हे प्रयोग ह्याच जातीचे आहेत. उलट, वाचक शब्द मुळीच नसतानाही लुप्तोपमा संभवते हे शास्त्रकारांनी मान्य केले आहे. आणि 'इव' असूनही उपमेय व उपमान एकच असेल तर मम्मट उपमा न म्हणता अनन्वय म्हणतो, कारण उपमेस साधर्म्याबरोबर भेदही लागतो. रुय्यकाने उपमेत भेद व अभेद ह्यांचे प्राधान्य समान असते असे म्हटले, त्याचा आशय हाच आहे.

पाश्चात्त्य परंपरेतही बाह्य खुणेस इतके महत्त्व मुळात नव्हते. ॲरिस्टॉटलने 'ऱ्हेटरिक'च्या तिसऱ्या भागात उपमा हीही एक प्रकारची रूपकोक्तीच होय, दोहोंतील अंतर अल्प आहे, असे सांगितले आहे. अध्यापनाच्या सोयीसाठी केलेला 'लाइक' चा नियम पुढे लक्षण म्हणून मानला गेला, एवढाच ह्या नियमाचा अधिकार.

७

ह्या विचाराची खरी कसोटी अनुवादात लागते. इंग्रजीतील 'लाइक' कर्त्याशी जोडलेला आहे की क्रियेशी, हे रूपावरून कळत नाही. 'ती पक्ष्यासारखी गायली' ह्यात 'सारखी' हे रूप लिंगाने कर्त्याशी जुळते, म्हणून पक्ष्याचे साम्य तिच्याशी आहे. 'ती पक्ष्याप्रमाणे गायली' ह्यात साम्य गाण्याच्या रीतीशी आहे. 'जणू पक्षीच गात होता' असे म्हटले की दंडीच्या अर्थाने उत्प्रेक्षेत प्रवेश होतो. इंग्रजी कवीने जे अनिश्चित ठेवले ते मराठी अनुवादकास निश्चित करावे लागते, आणि निवड कोणतीही केली तरी काही गमवावे लागते. सरसकट 'सारखा' वापरणारा अनुवाद म्हणूनच अनेकदा बोजड वाटतो. तो चुकीचा असतो असे नव्हे, पण प्रत्येक ठिकाणी त्याने एकच निर्णय घेतलेला असतो, आणि तोही नकळत.

'लाइक' आणि 'ॲज' ह्यांतील भेदाचेही तसेच आहे. 'लाइक अ फादर' म्हणजे बाप नसूनही बापासारखा. 'ॲज अ फादर' म्हणजे बाप ह्या नात्याने. पहिल्यात भेद गृहीत आहे, दुसऱ्यात अभेद. दोहोंसाठी 'बापाप्रमाणे' असे लिहिल्यास मूळ वाक्यातील नातेच बदलते. उलटपक्षी 'तुकारामांसारखे संत' ह्या मराठी प्रयोगात तुकाराम त्या संतांत अंतर्भूत आहेत की केवळ तुलनेसाठी उल्लेखिले आहेत, हे संदर्भावाचून कळत नाही. आणि इंग्रजी 'लाइक' मध्येही हीच संदिग्धता असल्याने चिकित्सक लेखक तेथे 'सच ॲज' ची योजना करतात. त्या 'सच' मध्ये पुन्हा तोच 'लीक' बसलेला आहे, हा इतिहासाचा विनोद म्हणावयाचा.

बोलीतील 'लाइक' ची उपेक्षाही योग्य नाही. वाक्याच्या अंती येऊन विधान सौम्य करणारा 'लाइक' फॅनी बर्नी हिच्या १७७८ मधील 'एव्हलिना' ह्या कादंबरीत आढळतो. तेव्हा तो आजच्या तरुण पिढीचा प्रमाद आहे ही समजूत खरी नाही. सादृश्यावरून अदमासाकडे जाणे हे भाषांत स्वाभाविक आहे. 'लहानसे घर', 'थोडेसे पाणी' ह्यांतील 'सा' तेच कार्य करतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्याचे बोलणे सांगतानाही 'लाइक' येऊ लागला. त्यात वक्त्याचे शब्द जसेच्या तसे दिल्याचा दावा नसतो, त्याच्या बोलण्याची नक्कल असते. म्हणजे येथेही शब्दाने आपला सादृश्याचा मूळ धर्म टाकलेला नाही. आंधळेपणाने पसरला असे वाटणारा शब्द आपल्या मुळाशी प्रामाणिक राहिला आहे.

८

उपर्युक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. सादृश्यवाचक शब्द हे सर्व भाषांत समान मूल्याचे चिन्ह नव्हे. प्रत्येकास स्वतःचा व्याकरणधर्म व स्वतःची अर्थकक्षा आहे, आणि 'लाइक' ची कक्षा 'सारखा' च्या कक्षेशी काही भागांतच मिळते. शब्दाची व्युत्पत्ती त्याच्या मुळाशी असलेली प्रतिमा दाखवते, परंतु ती आजचा अर्थ ठरवीत नाही, मग लोकांचे तत्त्वज्ञान ठरवणे दूरच. आणि उपमेचे अस्तित्व वाचक शब्दावरून ओळखण्याची रीत आरंभीच्या वर्गास सोयीची असली तरी तिला लक्षणाची प्रतिष्ठा देता येत नाही. कारण शब्द असून उपमा नसते आणि शब्द नसून ती असते.

तेव्हा काव्याच्या अभ्यासकाने 'लाइक' किंवा 'सारखा' दिसला की थांबावयाचे नसून तेथून विचारास आरंभ करावयाचा आहे. साम्य कोणत्या दोहोंत आहे, ते वस्तूचे आहे की क्रियेचे, भेद किती राखला आहे आणि अभेद किती साधला आहे, हे प्रश्न त्याने विचारले पाहिजेत. ह्या प्रश्नांची उत्तरे शब्दात नसतात, वाक्यात असतात. आणि वाक्यातही ती पुष्कळदा कवीने वाचकावरच सोपवलेली असतात.